साडेतीनशे ग्रॅम अर्धशिशी

मिरजेच्या एका दवाखान्यात अर्धशिशी डोक्यातून काढून डब्यात भरून देतात असं कळल्यावर सुमित्रा आवळेने फोन करून एकच गोष्ट विचारली. डबा तिथे मिळतो की आपला न्यायचा?

आपला न्यायचा, असं उत्तर आलं. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, निदान अर्ध्या किलोचा. प्लास्टिक चालत नाही. प्लास्टिकच्या वासाने अर्धशिशी चिडते.

सुमित्राची अर्धशिशी बावीस वर्षांची होती, म्हणजे तिच्या लग्नाच्याच वयाची. तिचा नवरा पिराजी जयसिंगपुरातल्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. लग्नात त्याच्या दोस्तांनी नवरीच्या कानाशी उभं राहून जीव तोडून वाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं उजवं अर्धं डोकं जे धरलं ते धरलंच. तेव्हापासून कुठेही ट्रम्पेट वाजला की दोन दिवस खिडक्या बंद, कपाळावर ओलं फडकं, आणि शिलाई मशीनवर लोकांचे ब्लाउज अर्धवट पडलेले. बाई सोशीक होती, पण डोकं काही ऐकत नव्हतं.

पिराजी भला माणूस. बावीस वर्षांत त्याने घरात एकदाही ट्रम्पेट फुंकला नाही. सराव तर रोज करायलाच हवा, म्हणून तो सकाळी चहा झाला की खुर्चीत बसायचा, ट्रम्पेट ओठांपासून चार बोटं लांब धरायचा आणि नुसती तीन बटणं दाबत राहायचा. सुमित्रा भाकरी थापता थापता त्याची बोटं बघायची. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावरून उतरतो तेव्हा तो एक चाल वाजवायचा. ती त्याने स्वतःच बसवली होती आणि बँडवाले तिला 'पिराजीची चाल' म्हणायचे. ती ऐकून घोडासुद्धा मान खाली घालतो, असं लोक सांगायचे. सुमित्राला ती चाल बोटांनिशी पाठ होती. ऐकली मात्र कधीच नव्हती.

आता ऐकायची तर घाई करायला हवी होती. पिराजीचा वरचा पुढचा दात हलायला लागला होता, आणि पुढचा दात गेला की ट्रम्पेटवाला संपला. दातांच्या डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली होती. त्याच्या आधीच्या शनिवारी शेजारच्या आक्काताई चौगुलेंच्या धाकट्या लेकाची वरात होती. पिराजीची ती शेवटची सुपारी.

"एकदा तरी कानानं ऐकायची हाय मला," सुमित्रा म्हणाली, आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने मिरजेला गेली.

डबा निवडताना मात्र तिची अडचण झाली. घरातले सगळे डबे भरलेले होते. रिकामा एकच, तो आक्काताईंचा. दीड महिन्यापूर्वी त्यांनी त्यातून लाडू पाठवले होते. लाडू त्याच आठवड्यात संपले, पण शेजारणीचा डबा रिकामा परत कसा करायचा? सुमित्रा कडबोळी करायला बसायची, तेल तापायचं, वासाने डोकं ठणकायला लागायचं आणि कडबोळी राहून जायची. असं तीनदा झालं होतं. झाकण मात्र घट्ट होतं. ती तोच डबा घेऊन गेली.

दवाखान्यात सात नंबरच्या खिडकीवर एका गृहस्थाने डबा उलटा करून बुडावर कोरलेलं नाव वाचलं.

"सौ. आ. ध. चौगुले. तुम्हीच का?"

"न्हाई. त्या शेजारीण."

"मग अर्धशिशी कुणाची?"

"माझी."

"डबा एकाचा आणि अर्धशिशी एकाची," तो गृहस्थ म्हणाला. त्याने अर्जावर दोन्ही नावं लिहिली, मध्ये एक रेघ मारली आणि शिक्का उठवला. पुढे काही घोटाळा झाल्यास दवाखाना जबाबदार नाही, अशा अर्थाची एक ओळ तिथे आधीच छापलेली होती.

डॉक्टर नेर्लेकरबाई तरुण होत्या आणि फार व्यवस्थित. त्यांनी सुमित्राला मान उजवीकडे कलती करायला लावली, कानाखाली डबा धरला आणि डब्याच्या काठावर चमचा सात वेळा वाजवला. सातव्या ठोक्याला अर्धशिशी डब्यात पडली. अर्ध्या नारळाएवढी होती, करडी, आणि कडेने थोडी थोडी ठणकत होती. नर्सने वजन केलं. साडेतीनशे ग्रॅम भरली.

"बावीस वर्षांच्या मानाने चांगलीच धरून होती," डॉक्टर म्हणाल्या. "आता नीट ऐका. एकवीस दिवस झाकण उघडायचं नाही. अंधारात ठेवा, ती आपोआप वाळून जाईल. जो झाकण उघडेल त्याच्या डोक्यात ती जाईल. आणि तुम्ही स्वतः तर अजिबात उघडू नका. जुनं घर ती लगेच ओळखते."

सुमित्रा बाहेर आली. रस्त्यावर दोन ट्रक एकमेकांना हॉर्न देत होते. तिने थांबून दोघांचेही हॉर्न शेवटपर्यंत ऐकले. काही झालं नाही. तिला इतका आनंद झाला की तिथेच उभ्याने तिने उसाचा रस प्याला आणि रसाच्या चरकाचा आवाजही ऐकून घेतला.

शुक्रवारी दुपारी ती झोपली. बावीस वर्षांत अशी गाढ झोप तिला लागली नव्हती. आणि नेमक्या त्याच वेळी आक्काताई दारात आल्या. लग्नघर ते, पाहुणे आलेले, भांडी कमी पडत होती.

"पिराजी, माझा एक डबा ऱ्हायलाय बघ तुमच्याकडं. लगेच न्हाई दिला तरी चालंल, पण दे."

पिराजीने फडताळ उघडलं. डब्यावर चौगुल्यांचं नाव होतं. उचलला तर जड लागला. बायकोने अखेर काहीतरी करून भरून ठेवलंय, हे बघून त्याला हायसं वाटलं. अर्धशिशी घरात आणलीय हे त्याला माहीत होतं, पण दवाखान्याचा डबा दवाखान्यासारखा पांढरा असणार, अशी त्याची समजूत होती.

"भरलेला हाय, आक्का. सांभाळून न्या," त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

तासाभराने आक्काताईंची नात गौतमी निरोप घेऊन आली. ही दुसरीत शिकणारी पोर. तिला स्वतःचंच एक दुःख होतं. वर्गात सगळ्यांचे दात पडले होते, हिचा एकही हलायला तयार नव्हता. निरोप सांगायच्या आधी तिने सवयीप्रमाणे पुढचा दात चिमटीत धरून बघितला. तो जागचा हलला नाही.

"काकू, आज्जी म्हणती डब्यातलं पावलं. पण जरा तिखट झालं हुतं."

सुमित्रा ताडकन उठून बसली.

"काय पावलं?"

"ते ठावं न्हाई. झाकण काढलं आन् आज्जी अंधारात जाऊन निजली. हळदीची गाणी बंद करायला लावली. आन् उद्या बँड नगं म्हणती. वरात मुक्यानं न्यायची."

सुमित्राने पिराजीकडे बघितलं. पिराजीने फडताळाकडे बघितलं. दोघांनाही एकदमच उलगडा झाला. पिराजी म्हणाला, "म्हणजे माझी शेवटची वरात मीच बुडवली."

"तुम्ही गप बसा. आधी आक्कांचं बघू," असं म्हणून सुमित्रा तशीच चपला न घालता शेजारी पळाली.

आक्काताई आतल्या खोलीत कपाळाला फडकं बांधून पडल्या होत्या. साठी उलटलेली बाई, अंगाने दणकट, कधी साधी शिंकही न आलेली. सुमित्राने झाला प्रकार सांगितला, कान धरले आणि रडायलाच लागली. "आक्का, माझी हाय ती. मला परत द्या. घरात लग्न हाय तुमच्या. मी निजते दोन दिवस, मला सवय हाय. तुम्ही वरात नाचत न्या."

आक्काताईंनी एक डोळा उघडला.

"तू बावीस वर्सं हे डोक्यात घिऊन ब्लाउज शिवलीस व्हय गं?"

"व्हय."

"आन् मी तुला म्हणायची, ह्या बाईचं सारखं काय तरी असतंय." आक्काताईंनी डोळा मिटला. "परत देणार न्हाई मी. डब्यातनं आलेलं कुणी परत करतं का? आमच्या घरात तशी रीत न्हाई."

सुमित्राने खूप विनवलं, पण रीत म्हटल्यावर आक्काताई हलायच्या नाहीत. शेवटी तिने अंगणात येऊन दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर नेर्लेकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती वाजता उघडला डबा?"

"दोनच्या सुमारास."

"मग अजून मुरलेली नाही. चोवीस तासांच्या आत घरीच काढता येते. चमचा, सात ठोके. तुम्ही बघितलंच आहे."

"काढली तरी ठेवायची कुठं, डॉक्टरीणबाई? उघडलेल्या डब्यात ऱ्हाती का ती?"

"नाही. एकदा हवा लागली की तिला डोकं लागतंच."

"कुणाचंबी?"

"संमती असली की कुणाचंही. नमुना ब भरून घ्यायचा." कागद चाळल्याचा आवाज आला. "एक मार्ग आहे. पन्नास ग्रॅमच्या खाली आम्ही तिला अर्धशिशी धरतच नाही. दहा ग्रॅमची तर नोंदसुद्धा होत नाही. नुसती भुवई जड होते, आणि तीन दिवसांत वाळते. वाटून घेणारी माणसं मात्र हवीत. तुमचा वाटा नाही, तुमच्या डोक्याला ती लगेच चिकटेल."

सुमित्राने मनात गल्ली मोजली. स्वतःचं धरून पस्तीस घरं होती.

मग ती पुन्हा आक्काताईंच्या उशाशी जाऊन बसली. "आक्का, परत नगं. वानवळा म्हणून गल्लीत वाटूया. तुमच्याच डब्यातनं."

वानवळा म्हटल्यावर आक्काताई उठून बसल्या. घरात जे काही आलं ते चार घरी द्यायचं, मग ते परड्यातली वांगी असोत की पहिल्या उसाचा गूळ, ही त्यांच्या घरची रीत होतीच. "ह्याला माझी ना न्हाई. चमचा आण," त्या म्हणाल्या.

सातव्या ठोक्याला अर्धशिशी बाहेर आली. सोनाराकडून आणलेल्या काट्यावर तिचे पस्तीस वाटे केले, सुरीने, कलाकंदासारखे. पस्तीस वाट्या आल्या. वर झाकायला क्रोशाचे रुमाल आले, कारण उघडं काही कुणाच्या दारात न्यायचं नसतं. सुमित्रा आणि गौतमी घरोघर फिरल्या. नमुना ब नव्हता, म्हणून एका वहीत सह्या घेतल्या.

गल्लीने कुरकूर केली नाही असं नाही. कोपऱ्यावरच्या माळीमामांनी विचारलं, "दहाच ग्रॅम? आक्कांच्या घरचं कार्य आन् एवढंसंच?" त्यांना मोठ्या मिनतवारीने दहावर राजी करावं लागलं. बाकी सगळ्यांनी वाटी कपाळाशी नेली, रुमाल काढला, भुवई जरा चोळली आणि आपापल्या कामाला लागले.

पस्तिसावी वाटी पिराजीची. "उद्या वाजवायचंय तुम्हाला, बघा बाबा," सुमित्रा म्हणाली. त्याने वाटी घेतली, रुमाल काढला आणि खुर्चीत बसून भुवई चोळत राहिला.

"हे दहा ग्रॅम?" त्याने विचारलं.

"व्हय."

"आन् तुला साडेतीनशे हुतं?"

"व्हय."

पिराजीचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी भांडी त्याने घासली.

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. पण वाट्या गेल्या होत्या त्या परत यायच्या होत्या, आणि जयसिंगपुरात वाटी रिकामी परत करत नाहीत. शिवाय चमच्याची युक्ती आता गल्लीभर कळली होती. शनिवारी सकाळी चौतीस वाट्या सुमित्राच्या दारात ओळीने आल्या, प्रत्येकीवर रुमाल, आणि रुमालाखाली ज्याच्या घरी जे होतं ते. माळीमामांनी टाचदुखी घातली होती. मास्तरांच्या घरून उचकी आली. कुणाची कोपराची खाज, कुणाची येते येते म्हणून न येणारी शिंक, कुणाच्या पायाला आलेल्या मुंग्या. आक्काताईंनी बरंच शोधून आपल्या घोरण्याचा थोडासा भाग दिला, कारण देण्याजोगं त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. सगळ्यांनी प्रेमाने दिलेलं. नाही कसं म्हणायचं? वाट्या धुवायच्या तर रुमाल काढावेच लागणार होते. सुमित्राने एकेक काढला.

त्यामुळे संध्याकाळी वरात निघाली तेव्हा सुमित्रा थोडी लंगडत होती, कोपर खाजवत होती आणि दर पाचव्या पावलाला उचकी देत होती. उजवं डोकं मात्र धुतल्यासारखं मोकळं होतं. ती बँडच्या अगदी मागे चालली. ढोल वाजला, झांजा वाजल्या, क्लॅरिनेट वाजलं. तिने डोळे मिटले नाहीत की कान झाकले नाहीत. पुढे आक्काताई पदर खोचून अशा नाचत होत्या की घोडा दोनदा थबकला. सगळ्या गल्लीने भुवया किंचित उचललेल्या होत्या, त्यामुळे वरातीच्या फोटोत सगळे थोडे आश्चर्यचकित दिसतात.

मारुतीच्या देवळापाशी नवरदेव उतरला. बँड थांबला. पिराजी एक पाऊल पुढे आला आणि त्याने ट्रम्पेट ओठांना लावला.

पहिलं बटण, पहिलं, तिसरं. सुमित्राला पुढचा सूर यायच्या आधी कळत होता, पण तो असा येईल हे तिला माहीत नव्हतं. बोटं बघून तिला वाटायचं की ही चाल वाट बघणाऱ्याची आहे. ती तर हसत हसत घरी आलेल्या माणसाची होती. ती रडली, उचकी दिली, पुन्हा रडली. घोड्याने खरोखरच मान खाली घातली. दुसऱ्यांदा चाल वळली तेव्हा मात्र तिने एकदम पिराजीच्या हाताकडे बघितलं.

घरी आल्यावर दोघं पायरीवर बसली.

"कसं वाटलं?" पिराजीने विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न विचारायची त्याची पहिलीच वेळ होती.

"बोटांवरनं वाटलं हुतं त्यापरास लई चांगलं हाय," सुमित्रा म्हणाली. उचकी आली, ती तिने जाऊ दिली. "पण दुसऱ्या येळंला मधलं बटण दाबलासा. घरात कधी दाबत न्हाई तुम्ही."

"दात हालला," पिराजी म्हणाला. "सूर पडत हुता, त्यो सावरला. बँडमधल्या कुणाला कळलं न्हाई."

सुमित्राने त्याच्या दाताकडे बघितलं. मग शेजारच्या अंगणात बघितलं. तिथे गौतमी मांडवाच्या खांबाला टेकून आपला पुढचा दात दोन्ही हातांनी ओढत होती.

रविवारी सकाळी सुमित्राने गौतमीच्या आईची वहीत सही घेतली. पिराजीने मान कलती केली, सात ठोके झाले, आणि दाताचं हलणं तेवढं वाटीत पडलं. फार नव्हतं, चार ग्रॅम. गौतमीने दोन्ही हातांनी वाटी घेतली, रुमाल काढला, जिभेने दात चाचपला आणि आरोळी ठोकत गल्लीभर पळाली.

सोमवारी दातांच्या डॉक्टरांनी चिमट्याने पिराजीचा दात चांगला हलवून बघितला आणि विचारलं, "हा दात घट्ट आहे. तुम्ही आलात कशाला?" पिराजीने माफी मागितली आणि तो घरी आला.

मंगळवारी चहा झाल्यावर तो खुर्चीत बसला, ट्रम्पेट चार बोटं लांब धरला आणि बटणं दाबायला लागला. सुमित्राने मशीन थांबवलं.

"फुंका की आता," ती म्हणाली.

त्याने फुंकला. कोपऱ्यावरच्या घरातून माळीमामा टाचा न दुखता धावत बाहेर आले. चाल अर्ध्यावर आली असताना गौतमी दारात उभी राहिली. तिच्या हातात वाटी होती, वर रुमाल.

"काकू, तुमची वाटी. मला काय दुखत न्हाई," ती बोळक्यातून म्हणाली, "आन् आज्जी म्हणती रिकामी न्यायची न्हाई."

सुमित्राने रुमाल काढला. वाटीत गौतमीचा दात होता, धुऊन, पुसून आणलेला.

सुमित्राने एक उचकी दिली. दात पदराने पुन्हा एकदा पुसला, अंगणात येऊन कौलांवर टाकला आणि वाटी विसळायला घेतली. आत पिराजीने चाल पहिल्यापासून धरली.